साधी पट्टी

“पट्टी आणलीयस न्हवं?” बाकावर पिशवी ठेवता ठेवता केरबा मिस्त्रींनी मला विचारलं.

“आणलीया,” मी म्हटलं.

ते “बरं” म्हणाले आणि आपली हत्यारं काढायला लागले. रंधा, दोन पटाश्या, गुण्या, कंपास. सगळ्यात शेवटी निघाली ती शाळेतल्या पोरांच्या दप्तरात असते तसली साधी स्टीलची पट्टी. मी ती बघितली. बघून मान वळवली आणि माझ्या वाटणीचं सागवान बाकाला आवळायला लागलो.

ही गोष्ट दोन हजार नऊच्या फेब्रुवारीतली. कोल्हापुरात उद्यमनगरात एक पॅटर्नचा कारखाना होता, तिथली. कारखान्याचं नाव सांगत नाही, त्याची फुकट जाहिरात मी कशाला करू?

पॅटर्न म्हणजे लाकडाचा नमुना. ओतकामात आधी लाकडाची हुबेहूब वस्तू करतात, ती वाळूत दाबून साचा घेतात आणि साच्यात लोखंड ओततात. पण वितळलेलं लोखंड थंड होताना अंग चोरतं. शंभर मिलिमीटरचा तुकडा हवा असेल तर लाकूड एकशे एकचं करावं लागतं. दर मापाला हा हिशेब करत बसलं तर डोकं उठेल, म्हणून आमच्या धंद्यात वेगळी पट्टी असते. तिच्यावर शंभर लिहिलेलं असतं, पण ती भरते एकशे एक. आम्ही तिला श्रिंकेजची पट्टी म्हणतो. साधी पट्टी घेऊन पॅटर्न करायला बसणारा माणूस एक तर आंधळा, नाही तर येडा.

केरबा मिस्त्री दोन्ही नव्हते. शिरोलीच्या ज्या फाउंड्रीत मी नोकरी केली तिथं त्यांनीच मला हा धंदा शिकवला होता. आमच्यात शिकाऊ माणूस स्वतः पट्टी विकत घेत नसे. हा तयार झाला असं मिस्त्रीला वाटलं, की मिस्त्री आपली वापरातली पट्टी त्याच्या हातात देई आणि स्वतःसाठी नवी आणे. सहा वर्षं घासून घेतल्यावर मिस्त्रींनी मला त्यांची पट्टी दिली होती. तिच्या टोकाला कानशीनं कोरलेला ‘के’ होता. त्या दिवशी मी पेढे वाटले होते.

तीच पट्टी त्या सकाळी माझ्या खिशात होती.

मी तेव्हा काय विचार केला, ते सांगून टाकतो. मला वाटलं, नऊ महिने घरी बसून मिस्त्रींनी हत्यारं विकून खाल्ली. डोळ्यांचंही काही खरं दिसत नाही. आणि जागा एकच आहे.

फाउंड्रीनं आम्हा दोघांना एकाच दिवशी काढलं होतं. ऑर्डरी थांबल्या, पॅटर्नशॉप बंद, गेटवर यादी. त्या दिवसानंतर मी मिस्त्रींकडं फिरकलोच नव्हतो. कुणाकडंच फिरकलो नव्हतो. सकाळी सायकल काढायची, उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव पालथं घालायचं आणि “मंदी आहे हो” हे वाक्य पंधरा तोंडांनी ऐकून परत यायचं. एके ठिकाणी दिलेला बायोडाटा चार दिवसांनी मी वॉचमनच्या टेबलावर चहाच्या ग्लासाखाली बघितला. माझ्या नावावर गोल डाग पडला होता. वनिता, माझी बायको, एका मेसमध्ये चपात्या लाटायला जात होती. दिवसाला चारशे चपात्या. संध्याकाळी तिला हात वर उचलून केस बांधता येत नसत. ती कधी एका शब्दानं बोलली नाही आणि त्याचाच मला जास्त राग यायचा. बोलली असती तर भांडता तरी आलं असतं.

अशात इथून फोन आला होता. तीन दिवसांची ट्रायल, हत्यारं आपली आणायची, काम पसंत पडलं तर नोकरी पक्की. मी गेलो तर बाकावर केरबा मिस्त्री.

मालक पंचविशीतला होता. बापानं नावारूपाला आणलेला कारखाना. बाप लकवा होऊन अंथरुणाला खिळलेला, आणि पोरगं पुण्याला कसलासा कोर्स करून परत आलेलं. आम्ही त्याला छोटे मालक म्हणत होतो. त्यानं मोबाइलमधून मान वर न काढता आमची नावं विचारली.

“केरबा सुतार,” मिस्त्री म्हणाले.

“जोतिराम लोहार.”

“हे बघा, पंपाची बॉडी आहे. दोन भागांत पॅटर्न. वरचा भाग काकांनी करायचा, खालचा तू. बुधवारी संध्याकाळी जोडून बघू. ज्याचं फिनिशिंग चांगलं, तो सोमवारपासून कामावर.”

माझ्याहून आठ वर्षांनी लहान पोरगं मला अरे-तुरे करत होतं. मी “होय साहेब” म्हणालो. नऊ महिन्यांत माणूस काय काय शिकतो!

शॉपमध्ये आम्ही दोघंच. सहा बाक, चार रिकामे. पहिली माणसं मंदीत कमी केली असं वॉचमन म्हणाला. भिंतीकडंला नवे पॅटर्न मांडून ठेवले होते. सवयीनं मी ते न्याहाळले. एकाच्या कडा हलक्या हातानं मारलेल्या, दुसऱ्याच्या पटाशीनं ओरबाडल्यासारख्या, तिसऱ्यावर चपड्याचं पॉलिश जाड. एका हाताचं काम नव्हतं. माणसं नाहीत, मग हे केलं कुणी, हा साधा प्रश्न मला पडायला हवा होता.

आणखी एक गोष्ट दिसूनही मी बघितली नाही. चपड्याचा डबा लागला तेव्हा मिस्त्री कुणाला न विचारता उठले आणि खिडकीमागच्या कपाटातून तो घेऊन आले.

दुपारी आम्ही एकाच बाकावर डबे उघडले. मिस्त्रींनी ती साधी पट्टी उचलून आमच्या दोघांच्या मध्ये ठेवली, मीठ ठेवावं तशी. तिच्यावरचे आकडे माझ्याकडं होते.

“वनिता बरी हाय का?” त्यांनी विचारलं.

“हाय की.”

“कामाला जातीया म्हणं.”

“मेसमध्ये.”

“हूं.” त्यांनी पट्टीवर बोट फिरवलं. “लाकूड बरं दिलंय ह्यानं.”

“बरं हाय.”

मी भाकरी मोडली. ते माझ्याकडं बघत होते, ते मला कळत होतं. ‘मिस्त्री, पट्टी चुकलीय’, एवढंच तर म्हणायचं होतं. खिशातली पट्टी काढून ‘ही घ्या, दोघं मिळून वापरू’ म्हटलं असतं तरी चाललं असतं. ती त्यांचीच तर होती. मी भाकरी खाल्ली, हात धुतले आणि कामाला लागलो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा तसंच केलं. ह्या वेळी पट्टी मध्ये ठेवून ते म्हणाले, “जोत्या, काय बोलायचं हाय का तुला?”

“कशाबद्दल?”

“काय न्हाई. असंच.”

त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. रंधा मारताना त्यांचा हात मात्र पूर्वीसारखाच चालत होता, लांब आणि सलग, कुठं अडखळ नाही. डोळे गेलेल्या माणसाचा रंधा असा चालत नाही. हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त एवढंच दिसत होतं, की त्यांचं लाकूड माझ्यापेक्षा आखूड होत चाललं आहे. मनातल्या मनात मी सोमवारी घालायचा शर्टही ठरवून ठेवला होता.

बुधवारी पाच वाजता छोटे मालक आले. मी माझा भाग बाकावर ठेवला, मिस्त्रींनी त्यांचा वर ठेवला. एका टोकाला दोन्ही बसले. दुसऱ्या टोकाला माझा भाग चार मिलिमीटरनं बाहेर आला.

“हे काय?” मालक म्हणाला. “कुणाचं चुकलं?”

त्यानं ड्रॉइंग उलगडलं, टेप आणली आणि मिस्त्रींचा भाग मोजला. चारशे वीस. ड्रॉइंगवरही चारशे वीस. मग माझा मोजला. चारशे चोवीसच्या वर.

“काकांचं करेक्ट आहे,” तो माझ्याकडं वळून म्हणाला. “तुझंच मोठं झालंय. अरे, माप घेता येत नाही आणि ट्रायलला येता?”

मी त्याच्या तोंडाकडं बघतच राहिलो. पॅटर्नच्या कारखान्याचा मालक, आणि लोखंड आकसतं हे ह्याला ठाऊक नाही! मी मिस्त्रींकडं बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते. तोंडावर रेषसुद्धा हलली नव्हती. आता ह्यांनी बोलावं, असं मला वाटलं. माझी नोकरी डोळ्यांदेखत चालली होती, आणि तीही बरोबर काम केल्याबद्दल. माझ्या डोक्यात सणक गेली.

“साहेब, माझं बरोबर आहे,” मी म्हणालो. “मिस्त्रींनी साध्या पट्टीनं काम केलंय. ही बघा त्यांची पट्टी, आणि ही माझी. दोन्ही शेजारी धरा.”

मी त्याला सगळं समजावून सांगितलं. लोखंड कसं आकसतं, शंभराला एक कसं धरायचं, ड्रॉइंगवरचं माप कशाचं असतं. एवढंच नाही, मिस्त्रींच्या मापावर ओतलं असतं तर सगळे पंप आखूड निघून भंगारात गेले असते, हेही सांगितलं. तीन दिवस तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो होतो, आणि आता थांबायलाच तयार नव्हतो.

“बापरे,” मालक म्हणाला. “चारशे नगांची ऑर्डर आहे.” मग मिस्त्रींकडं बघून, “काय काका? एवढे केस पिकले आणि पट्टी ओळखता येत नाही? घरी बसा आता. नातवंडं सांभाळा.”

“बरोबर बोलतोय त्यो,” मिस्त्री शांतपणे म्हणाले. “माझंच चुकलं.”

त्यांनी एकेक हत्यार पुसून पिशवीत भरलं. साधी पट्टी सगळ्यात वर ठेवली. माझ्याजवळून जाताना थांबले नाहीत.

“तू तरबेज आहेस,” मालक माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला. “आता असं कर. वरचा भागही तूच करून टाक, शनिवारपर्यंत. मग सोमवारचं बघू.”

मी केला. खोटं कशाला बोलू, जीव ओतून केला. शनिवारी दुपारी दोन्ही भाग जोडले तेव्हा मधून केस जाणार नाही असे बसले. चपड्याचा शेवटचा हात दिला आणि मालकाच्या केबिनमध्ये गेलो.

“झकास,” तो म्हणाला. “नंबर आहे ना तुझा माझ्याकडे? मंदी जरा हटली की फोन करतो.”

“म्हणजे? सोमवारी...”

“सोमवारचं बघू म्हणालो होतो. बघितलं. सध्या व्हेकन्सी नाही.”

“मग ट्रायल कसली घेतली? सहा दिवस काम केलंय मी!”

“काम कुठं? ट्रायल दिलीस. जबरदस्ती केली होती का कुणी?”

मी त्याच्या टेबलावर मूठ आपटली. काय काय बोललो ते सगळं आठवत नाही, आणि आठवतं ते लिहिण्यासारखं नाही. पॅटर्न फोडून टाकीन म्हणून शॉपकडं धावलो, तर वॉचमननं मागून कव घातली आणि मला हत्यारांसकट गेटबाहेर आणून सोडलं. “माझ्या पोटावर पाय देऊ नकोस बाबा,” तो कानाशी म्हणाला. त्याच्यावर काय हात उचलणार?

गेटबाहेर पायरीवर एक माणूस बसला होता. चाळिशीचा असेल. मांडीवर हत्यारांची पिशवी.

“ट्रायलला?” मी विचारलं.

“व्हय. सोमवारपासनं. आज मालकांनी भेटायला बोलवलंय.”

“जाऊ नकोस. नोकरी नाही आत. फुकट राबवून घेतात. मी आत्ताच त्यातून आलोय.”

त्यानं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. शर्टाचं बटण तुटलेलं, कपाळाला घाम.

“तुला घेतलं न्हाई व्हय?” तो म्हणाला. “म्हणून मलाबी मिळू नये? चालू दे तुझं.” आणि पिशवी उचलून तो आत गेला. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हणालो असतो. म्हणून तर जास्त चीड आली.

सायकल सरळ फुलेवाडीला मिस्त्रींच्या घराकडं घेतली. मिस्त्रींना सांगायचं होतं, की त्या हरामखोरानं दोघांनाही फसवलं. माफीसुद्धा मागायची होती, पण ती दुसऱ्या नंबरावर होती.

मिस्त्री अंगणात बसून पोळपाट करत होते. चार पोळपाट तयार होऊन भिंतीला टेकवून ठेवले होते. आठवडी बाजारात विकायला, असं त्यांच्या बायकोनं पाणी देता देता सांगितलं आणि ती आत गेली. मी उंबऱ्याशी टेकलो आणि एका दमात सगळं ओकलो. ते पॉलिश पेपर फिरवत ऐकत होते.

“न्हाईच हुती नोकरी,” ते म्हणाले.

“तुम्हाला म्हाईत हुतं?”

“दिवाळीआधी मीबी दिलीया ट्रायल तिथं. पाच दिवस. त्या पोरानं तवाबी मान वर केली न्हवती, म्हणून तर ह्या खेपेला ओळखलं न्हाई.”

मला खिडकीमागचं कपाट आठवलं. मग माझी नजर उंबऱ्यातून आत गेली. आतल्या भिंतीला, देवाच्या फोटोशेजारी, खिळ्याला एक पट्टी लटकवलेली होती. आमची पट्टी लांबूनही ओळखू येते, आकड्यांच्या दोन ओळी असतात. श्रिंकेजची होती. पुसून लख्ख केलेली.

“मिस्त्री, ती...”

“माझी हाय. तुला दिल्यावर आणलेली.”

“मग तिथं साधी का आणली?”

“चारशे पंप आखूड निघाया पायजेत म्हणून.” त्यांनी पोळपाट उन्हात धरून बघितला. “त्या बेण्याला मापातलं काय कळत न्हाई, हे मला दिवाळीतच कळलं हुतं. म्हटलं, फुकट पायजे न्हवं? घे फुकट. ड्रॉइंगला लावून बघंल, बरोबर म्हणंल नि ओतून मोकळा हुईल. पुन्यांदा कुणाला ट्रायलला बोलवायचं न्हाई. पर तू येशील, हे कुठं म्हाईत हुतं!”

“मला सांगायचं तरी!” मी ओरडलो. “पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, तर लाथ मारून उठलो असतो मी!”

“सांगणारच हुतो. पट्टी मदी ठेवली की तुझ्या. म्हटलं, हा विचारंल, मिस्त्री, पट्टी कुठं गेली तुमची? इकली का? खायला हाय का घरात? मग सांगायचं नि उठायचं दोघांनी. तू भाकरी मोडलीस.” ते पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघून बोलले. “दुसऱ्या दिवशी तोंडानं विचारलं तुला. तरी न्हाई. माझीच पट्टी खिशात घालून तू मला बुडताना बघत हुतास, जोत्या. मलाबी राग हाय की. म्हटलं, राबू दे ह्यालाबी.”

मी उठून आवाज चढवला. “नऊ महिने झालेत घरी बसून! बायको चपात्या लाटतीया माझी! एक जागा हुती मिस्त्री, एकच!”

“आणि मी काय सुट्टीवर हुतो व्हय?”

पलीकडच्या घरातून कुणीतरी डोकावलं. मी खाली बसलो. मिस्त्रींनी आवाज उतरवला.

“मला बुडवलंस त्याचं एवढं न्हाई. पोट लागलं की माणूस करतो. पर त्याला शिकवलंस. पट्टीला पट्टी लावून दाखवलीस. मी तुला सहा वर्सांनी दिलेली इद्या तू त्याला उभ्या उभ्या दिलीस, आणि वर जोडबी जुळवून दिलास. आता त्याला कुणीच फशिवणार न्हाई. जन्मभर ट्रायल घेत बसंल त्यो.”

त्यांनी हात पुढं केला. हात रिकामाच होता. मला वाटलं, उठवायला केलाय.

“पट्टी दे.”

“मिस्त्री...”

“माझी हाय ती. दे.”

मी खिशातून काढून दिली. ‘के’ कोरलेल्या टोकावरून त्यांनी अंगठा फिरवला, धोतरानं पुसली आणि पोळपाटाच्या भुश्शात, पटाशीशेजारी ठेवून दिली. पोळपाटाला श्रिंकेजची पट्टी लागत नाही. तरी ती त्यांनी तिथंच ठेवली.

मी सायकलकडं निघालो तेव्हा त्यांनी हाक मारली. भिंतीला टेकवलेल्या पोळपाटांतला एक त्यांनी उचलला होता.

“हे वनिताला दे. तिचं काय चुकलंय?”

नोकरी मला पुढं सात महिन्यांनी लागली, इचलकरंजीत. पहिल्या पगारातून मी दुकानात जाऊन श्रिंकेजची पट्टी विकत घेतली. मिस्त्री वारले, त्यालाही आता काही वर्षं झाली. माझ्या हाताखाली तीन पोरं तयार झाली. तिघांनी मला विचारलं, की मिस्त्री, तुम्ही तुमची पट्टी का देत नाही? ती विकतची आहे, असं मी सांगतो.

वनिता अजून त्याच पोळपाटावर लाटते.